वेगाचे वेड आणि घाटाची शिस्त



छंद म्हटला की आपल्या घरांतून पहिला प्रश्न निघतो, "त्याने पोट भरते काय?" प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात वीस तारखेनंतर किराणा उधारीवर येतो, त्या घराने हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणी? परंतु पोराचा छंद नुसता दटावून मरत नाही. तो घराबाहेर, आपल्या नजरेआड वाढतो. आणि छंद जर गाडीचा व वेगाचा असेल, तर तो नजरेआड वाढणे कोणत्याही आईबापाला परवडणारे नाही. म्हणून आज या सदरात एका गाडीवेड्या माणसाची हकीकत सांगावयाची आहे.

हे गृहस्थ आमच्या वस्तीतले. वडील म्युनिसिपालटीच्या कचऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. मुलाचे शिक्षण दहावीपर्यंत, पुढे आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड. आज वय पंचेचाळीसच्या पुढे, स्वतःचे छोटे गॅरेज आहे. सारी वस्ती त्यांना मिस्त्री म्हणते, आपणही तसेच म्हणू.

मिस्त्री शाळेत असताना त्यांच्या दप्तरात पुस्तकांपेक्षा रेसच्या गाड्यांची कात्रणे जास्त असत. ब्राझीलचा आयर्टन सेना हा त्यांचा देव. फॉर्म्युला वन या मोटार शर्यतीत तो तीन वेळा जगज्जेता झाला होता. १ मे १९९४ रोजी, म्हणजे इकडे आपण कामगार दिन पाळत होतो त्याच दिवशी, इटलीतील इमोला येथे त्याची गाडी भिंतीवर आदळली आणि तो गेला. वस्तीतल्या एका दहावीच्या पोराने दोन दिवस जेवण सोडले. घरच्यांना वाटले परीक्षेत काही बिघडले!

सेनाच्या मृत्यूनंतर त्या खेळाने काय केले, हे आपण लक्षात घेण्यासारखे आहे. शर्यती बंद झाल्या नाहीत. परंतु ट्रॅकची वळणे बदलली, गाडी सुटली तर थांबावी म्हणून मोकळी जागा वाढवली, भिंतींपुढे टायरांचे ढीग व धक्का शोषणारे अडथळे आले, ड्रायव्हरची मान सांभाळणारे साधन सक्तीचे झाले. पुढची वीस वर्षे त्या शर्यतींत एकही ड्रायव्हर दगावला नाही. २०१४ साली जपानमध्ये ज्यूल्स बियांकी या तरुण ड्रायव्हरला अपघात झाला व २०१५ मध्ये तो वारला, तेव्हा ही वीस वर्षांची साखळी तुटली. म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरने गाड्या पळतात तिथेही माणूस वाचवता येतो. मात्र त्यासाठी जागा, पैसा, डॉक्टर आणि शिस्त लागते. आपल्या रस्त्यावर यांतले काय असते?

आपल्या देशातही मोटार शर्यतींना इतिहास आहे. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथे खास ट्रॅक बांधला गेला. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी आपल्या मारुती ८०० चे ७९६ सी.सी.चे इंजिन वापरून एका माणसाची स्वस्त रेसगाडी बनवली. तिला फॉर्म्युला मारुती म्हणत. त्यामुळे राजेरजवाड्यांचा आणि कारखानदारांच्या मुलांचा हा खेळ थोडा खाली उतरला. २००५ साली नारायण कार्तिकेयन हा फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी ही शर्यत खुद्द भारतात झाली. तो ट्रॅक उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा येथे आहे. जिल्ह्याचे नाव गौतम बुद्ध नगर, म्हणून ट्रॅकचे नाव बुद्ध इंटरनॅशनल सर्किट! २०११, २०१२ व २०१३ अशी तीन वर्षे शर्यत झाली व तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला. नंतर कराच्या व पैशाच्या वादात ती थांबली. मिस्त्रींनी त्या वेळी तिकिटासाठी पैसे साठवायला घेतले होते, पण घरात बहिणीचे लग्न निघाले. मनुष्य टी.व्ही.समोरच बसला.

या गाड्यांत एवढे असते तरी काय? २०११ सालच्या त्या रेसगाडीचे वजन ड्रायव्हरसकट ६४० किलो, म्हणजे आपल्या साध्या मारुतीच्या आसपास. इंजिन २.४ लिटरचे, पण ते मिनिटाला १८,००० फेरे मारी. आपल्या साध्या गाडीचे इंजिन ६,००० च्या पुढे गेले की किंचाळते. गाडी जमिनीला जवळजवळ चिकटलेली. पुढची व मागची पंखे वाऱ्याच्या जोरावर तिला आणखी खाली दाबतात, म्हणून ती वळणावर सुटत नाही. एक खड्डा, एक गतिरोधक आला की तिचे काम संपले. ती गाडी एका माणसासाठी, एका जातीच्या रस्त्यासाठी आणि दीड-दोन तासांच्या शर्यतीसाठी बनलेली असते.

मिस्त्रींनी विशीत जुनी मारुती ८०० घेतली आणि तिचीच रेसगाडी करायला घेतली. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली, रुंद टायर टाकले, सायलेन्सर असा बसवला की गाडी वळणावर असतानाच वस्तीला कळे. रात्री हायवेवर मित्रांशी शर्यती लागत. "तेव्हा मला पुढची गाडी म्हणजे शत्रू वाटे," असे ते आज सांगतात. त्यांच्या टोळीतला एक मुलगा अशाच एका रात्री दुभाजकावर गेला. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली गेला. घरात कमावता तो एकटाच होता. मिस्त्री त्याला दर महिन्याला दवाखान्यात नेत, आणि त्याची आई दर वेळी गाडीत मागच्या सीटवर गप्प बसून असे. कोणी उपदेश केला नाही. पण शर्यत सुटली ती तिथे.

गाडीचे वेड मात्र सुटले नाही, आणि ते सुटू नये असेच मी म्हणेन. २००८ च्या उन्हाळ्यात एका प्रवासी मंडळाला लडाखला जायचे होते व ड्रायव्हर कम मेकॅनिक हवा होता. मिस्त्री गेले. मनाली ते लेह हा चारशे किलोमीटरहून लांब रस्ता. त्या वेळी अटल बोगदा नव्हता (९ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला), त्यामुळे रोहतांगचा १३,००० फुटांचा चिखलमय घाट चढूनच जावे लागे. पुढे बारालाचा, गाटा लूप्सची लागोपाठ एकवीस वळणे, नंतर १७,००० फुटांवरचा तांगलांग ला. 'ला' म्हणजे तिकडच्या भाषेत खिंड. सपाटीवर शंभराने पळणारे मिस्त्री तिथे दिवसभर ताशी वीस-पंचवीसने चालले आणि संध्याकाळी तंबूत पडल्यावर, त्यांच्याच शब्दांत, "आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवल्यासारखे वाटले."

असे का व्हावे? डोंगरात गाडीची परीक्षाच निराळी असते. पहिली गोष्ट हवा. समुद्रसपाटीवर जेवढा हवेचा दाब असतो त्याच्या निम्माच १८,००० फुटांवर राहतो. इंजिनालाही माणसासारखाच प्राणवायू लागतो. तो निम्मा मिळाला की साध्या इंजिनाची ताकदही जवळपास निम्म्यावर येते. ज्या गाडीला टर्बो असतो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा असतो, तिला हा त्रास कमी होतो. दुसरी गोष्ट ओढ. तिथे वेग कामाचा नाही. कमी फेऱ्यांवर, जड ओझे घेऊन, चिखलातून हळूहळू ओढणारे इंजिन लागते. चारही चाकांना जोर पोहोचवणारी आणि आणखी एक हलका गिअर असणारी गाडी तिथे राणी ठरते. तिसरी गोष्ट उंची: जी गाडी खाली बसवली म्हणून मिस्त्री मिरवत होते, ती तिथल्या पहिल्याच दगडावर पोट फाडून घेईल.

परत आल्यावर त्यांनी खाली बसवलेली मारुती विकली व थोड्या वर्षांनी एक जुनी जिप्सी घेतली. जिप्सी ही १९८५ पासूनची गाडी; पोलिसांत, लष्करात आपण सर्वांनी पाहिलेली. हिमालयातल्या 'रेड द हिमालय' या १९९९ साली सुरू झालेल्या खडतर स्पर्धेत मनालीचे सुरेश राणा यांनी याच जिप्सीने अनेकदा विजेतेपद मिळवले. सर्वसामान्यांसाठी तिचे उत्पादन आता बंद झाले आहे. तिच्या जातीची जिम्नी २०२३ साली बाजारात आली. महिंद्राची थारही याच कुळातली. १९४७ नंतर मुंबईत विलीज जीपचे भाग जोडून जी गाडी बनू लागली, तिचीच ही नात म्हणावयाची.

मिस्त्री लडाखहून आणखी एक गोष्ट घेऊन आले. ज्या रस्त्याचे फोटो काढून पर्यटक घरी लावतात, तो रस्ता कोण बांधतो? सीमा सडक संघटना १९६० साली स्थापन झाली. तिच्या कामावर झारखंडच्या दुमका भागातून मजूर येतात. डांबराच्या पिंपाखाली जाळ, तोंडाला फडके, हातात घमेले, आणि श्वास घ्यायला निम्मी हवा. दरड कोसळली की पहिले तेच पुढे होतात. मिस्त्री म्हणाले, "रेस बघताना मला फक्त ड्रायव्हर दिसायचा. तिथे पहिल्यांदा रस्ता दिसला." ज्यांच्या आजोबांनी खडी फोडली आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्या बोरघाटाचीही तीच कथा. गाडीरस्ता १८३० सालचा, रेल्वे १८६३ ची. घाटातली वाट साहेबाला एका धनगराने दाखवली आणि बदल्यात त्याला जीव गमवावा लागला, अशी शिंग्रोबाची कथा लोक सांगतात. कथा खरी असो वा नसो, डोंगराची वाट गुराखी-मजुरांनाच आधी ठाऊक होती, एवढे तर खरे.

असो. आता मुद्द्यावर येतो. मिस्त्रींचा मुलगा यंदा सतरा वर्षांचा झाला. मोबाईलवर दिवसभर गाड्यांच्या शर्यती बघतो. मागच्या महिन्यात त्याने मित्राची मोटारसायकल घेऊन हायवेवर शर्यत लावल्याचे घरी कळले. त्याची आई रडू लागली. मिस्त्रींनी हात उगारला नाही. त्यांनी मला बोलावले व म्हणाले, "भाऊ, तुम्ही बी.कॉम. आहात, याला आकड्यात सांगा." मग मी कागद घेतला. तो हिशेब आपल्यापुढेही ठेवतो, कारण प्रत्येक घरात तो एकदा मांडला जावा.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला सुमारे २८ मीटर. समोर काही दिसले, ते मेंदूला कळले, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी आपल्या चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. दुसरे: ताशी १०० च्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे ४० मीटर उंचीवरून, तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे. वेग निम्मा, म्हणजे ५० केला, तर हा आकडा निम्मा होत नाही, तो चौथ्या हिश्श्यावर, दहा मीटरवर येतो. वेग दुप्पट तर धक्का चौपट, असा हा व्यवहार आहे. सावकाराचे व्याजही इतके चढत नाही!

पोरगा हुशार. त्याने विचारले, "मग पप्पा घाटात हळू चालवतात, तिथे कसला धोका?" तेव्हा हिशेब मिस्त्रींनी पुढे नेला. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. वरच्या हिशेबाने चाळीस मीटर म्हणजे शंभराचा वेग एकदा थांबवणे. म्हणजे हा एक घाट निव्वळ ब्रेकवर उतरणे हे शंभराच्या वेगात असलेली गाडी सुमारे चौदा वेळा लागोपाठ थांबवण्यासारखे आहे. ही सारी उष्णता ब्रेकमध्ये जाते. ब्रेक ऑईल जुने असेल तर त्याने हवेतली ओल धरलेली असते. ते लवकर उकळते, त्यात वाफ होते आणि पाय दाबला तरी पेडल रिकामे खाली जाते. "ब्रेक फेल झाला" असे आपण वर्तमानपत्रात वाचतो ते पुष्कळदा हेच असते.

यावर जुन्या एस.टी. ड्रायव्हरांचा नियम असा की, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनच गाडीला धरून ठेवते व ब्रेक थंड राहतात. डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल मारून गाडी सोडणे म्हणजे चार रुपयांसाठी घर गहाण टाकणे होय. आणि अरुंद घाटात समोरासमोर गाड्या आल्या तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावयाची, हा शिष्टाचार तर आहेच, पण मोटार वाहन नियमांतही तसेच लिहिले आहे. चढणीवर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड असते, म्हणून हा नियम. पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "रेसमध्ये जो थांबतो तो हरतो. इथे थांबायचाच कायदा?" मिस्त्री म्हणाले, "इथे दोघे पोहोचले तर दोघेही जिंकले."

कायद्याचे आणखी दोन आकडे आईबापांनी ध्यानात ठेवावेत. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरे कलम त्याहून कडक आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ज्या मुलाला उद्या ड्रायव्हर म्हणून भाकरी कमवायची आहे, त्याची सात-आठ वर्षे एका रात्रीच्या मस्तीत बुडतात. "मित्राची गाडी होती" या सबबीने काही सुटका होत नाही. उलट मित्राच्या बापालाही आपण कोर्टात उभे करतो.

मग पोराच्या छंदाचे करायचे काय? मिस्त्रींनी केले ते सांगतो. दर रविवारी त्यांनी त्याला गॅरेजमध्ये घेतले. प्रथम ब्रेक उघडायला शिकवले, लायनर कसा झिजतो, तापल्यावर त्याचा रंग व वास कसा बदलतो ते दाखवले. लायसन्स अठराव्या वर्षीच, तोपर्यंत स्टेअरिंगला हात नाही, हे स्पष्ट सांगितले. ज्यांचा पाय गेला ते गृहस्थ आता गॅरेजचा हिशेब व सुट्या भागांचे काउंटर सांभाळतात. पोरगा त्यांच्या शेजारी बसून डबा खातो. त्यांनी आपली हकीकत त्याला स्वतःच सांगितली. त्या दिवशी काय बोलणे झाले ते मला माहीत नाही, आणि मी विचारलेही नाही.

या वेडातून पोटही भरू शकते, हे सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. आय.टी.आय.चा मोटार मेकॅनिकचा ट्रेड आजही चालतो. प्रवासी वा मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी पूर्वी आठवी पासची अट होती. ती २०१९ साली काढून टाकली, त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणांनाही दार उघडले आहे. वय मात्र वीस पूर्ण हवे. घाटात सावध चालवणारा, गाडी स्वतः दुरुस्त करणारा ड्रायव्हर पर्यटनाच्या धंद्यात कधी रिकामा बसत नाही. आणि हे काम केवळ मुलग्यांचे, असेही कोणी समजू नये. मिस्त्रींची धाकटी मुलगी आताच स्टेपनी बदलते, आणि भावापेक्षा लवकर बदलते!

येत्या सुट्टीत अनेक कुटुंबे भाड्याची जीप करून लेणी पाहायला, गावी, घाटमाथ्यावर जातील. निघण्यापूर्वी ड्रायव्हरला संकोच न करता चार गोष्टी विचारा: ब्रेक ऑईल केव्हा बदलले, स्टेपनीत हवा आहे काय, रात्री झोप झाली काय, आणि घाट कोणत्या गिअरमध्ये उतरणार. चांगल्या ड्रायव्हरला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट बरे वाटते. त्याला वाटेत चहा पाजा, जेवणाला आपल्या पंगतीत बसवा आणि "लवकर चला" हे दोन शब्द तेवढे तोंडातून काढू नका.

पुढील अंकी प्रवासी व मालवाहू गाडीचे लायसन्स काढण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात आणि अर्ज कसा भरावा, याची माहिती देऊ.